कचेऱ्यांचे मनोरे आणि शेजाऱ्यांचे म्हणणे

ज्याच्या हितास बाध येणार आहे त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज निर्णय देऊ नये, हा न्यायाचा जुना व सर्वमान्य दंडक होय. मोठ्या शहरांत कचेऱ्यांच्या अवाढव्य इमारतींना परवानगी देताना या दंडकाचे पालन होते काय, हा प्रश्न आज आपण विचारला पाहिजे. कारण त्या इमारतींच्या शेजारी, सखल जागी, बहुधा कष्टकऱ्यांच्याच वस्त्या असतात.

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलाचे उदाहरण घ्यावे. १९७७ साली सुमारे ३७० हेक्टर क्षेत्राच्या नियोजनाचे अधिकार प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले, आणि मिठी नदीकाठची दलदल भरून तेथे बँकांच्या व कंपन्यांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्या वेळी पर्यावरणावरील परिणाम मोजण्याचे बंधन नव्हते. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ साली झाला व परिणाम-मूल्यमापनाची पहिली अधिसूचना १९९४ साली निघाली. पुढे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाऊस निसर्गाचा होता हे खरे. परंतु पाणी पसरण्याची जागा बुजविणे हे माणसाचे कृत्य होते. त्याचे फळ नदीकाठच्या वस्त्यांनी भोगले. कुर्ल्याच्या क्रांतीनगरातील कुटुंबांना मिठीचे पाणी चढले की आजही घर सोडावे लागते.

आता कायदा आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकामास आधी पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. परंतु त्याच अधिसूचनेने इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. मोठ्या खाणीच्या प्रकल्पात खेडुताला उभे राहून हरकत घेता येते. मनोऱ्याच्या शेजाऱ्याला तशी संधी नाही. हाच या कायद्यातील मोठा दोष होय.

शेजाऱ्याला विचारण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. साधा हिशेब पाहावा. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० लाख लिटर पाणी होते. जमीन उघडी असता त्यातील काही मुरते. ती सिमेंटखाली गेली की बहुतेक सारे सखल भागाकडे धावते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या मानाने कचेरीत दरडोई रोज ४५ लिटर पाणी लागते. १०,००० माणसांना साडेचार लाख लिटर, आणि त्यातील बराचसा भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. शिवाय गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ आणि वातानुकूलन यंत्रांनी बाहेर फेकलेली उष्णता. एकेक इमारत वेगळी तपासली तर प्रत्येकीचा भार सुसह्य दिसतो. परंतु नाला सर्वांचा एकच असतो.

कचेऱ्यांमुळे रोजगार मिळतो, आपलीही मुले तेथे नोकरीस लागतील, हा युक्तिवाद खोटा नाही. पण लाभ एकाच्या पदरी आणि पूर दुसऱ्याच्या घरात, अशी वाटणी करावयाची असेल, तर निदान त्या दुसऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क तरी असला पाहिजे.

म्हणून मोठ्या कचेरी-प्रकल्पांना जनसुनावणी सक्तीची करावी आणि परिसरातील सर्व इमारतींचा भार एकत्र मोजावा, ही आपली मागणी असावी. तोवर जी साधने हाती आहेत ती वापरावीत. मंजुरी मिळाल्याची जाहिरात वर्तमानपत्रांत द्यावी लागते, ती वाचावी. अटींच्या पालनाचे सहामाही अहवाल दरवर्षी १ जून व १ डिसेंबरला द्यावे लागतात. माहितीच्या अधिकाराखाली ते मागवावेत. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना वकिलाचे साहाय्य मोफत मिळते.

मुदत टळली की हक्क कागदावरच राहतो. तेव्हा प्रत्येक वस्तीतील दोघा-तिघा शिकलेल्या तरुण-तरुणींनी हे कागद मिळविण्याचे व वाचून दाखविण्याचे काम अंगावर घ्यावे. पाणी घरात शिरल्यावर अर्ज करण्यापेक्षा पाया खोदला जाण्यापूर्वी प्रश्न विचारणे अधिक फलदायी आहे.