रात्रीची किल्ली

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींकडे चारचाकीचं लायसन्स आहे? आणि त्यातल्या किती जणींनी रात्री नऊनंतर, शेजारी नवरा किंवा मुलगा नसताना, गाडी चालवली आहे? या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर बरीच वर्षं ‘नाही’ असंच होतं. लायसन्स मात्र ११ वर्षांचं जुनं!

तीन वर्षांपूर्वी एका रात्री दीड वाजता सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. हे कामासाठी पुण्याला गेलेले. गाडी अंगणात, किल्ली खुंटीवर आणि मी शेजाऱ्यांचं दार ठोठावतेय. ते बिचारे उठून येईपर्यंत २० मिनिटं गेली. सासूबाई त्यातून बऱ्या झाल्या, पण ती २० मिनिटं माझ्या मनातून काही जाईनात.

म्हणूनच आमच्या रत्नागिरीतल्या काही गाडीवेड्या मंडळींनी रात्रीची हौशी रॅली ठरवली, तेव्हा मी नाव देऊन टाकलं. शेजारच्या सीटवर वाट दाखवायला माझी धाकटी जाऊ. घरात पहिला प्रश्न आला, “या वयात रेस?”

रेस नव्हेच ती! या प्रकारात वेळ, वेग आणि अंतर यांचा मेळ घालायचा असतो. प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून दिलेला. ताशी ३० म्हणजे एक किलोमीटरला बरोबर दोन मिनिटं, ताशी २४ म्हणजे अडीच. वाटेत कुठेतरी वेळ नोंदवणारे बसलेले असतात. उशीर झाला तर गुण कापतात आणि लवकर पोहोचलात तरी कापतात. हातात एक वही देतात. तिच्यात प्रत्येक वळणाची छोटी आकृती असते. ठिपका म्हणजे आपण कुठून आलो, बाण म्हणजे कुठे जायचं. थोडक्यात, दूध उतू न जाऊ देता पोळ्या करणाऱ्या बाईला जमेल असाच हा खेळ.

रस्ता आमचा रोजचाच. हातखंबा, निवळी, जाकादेवी, गणपतीपुळे आणि परत येताना आरे-वारे. पण रात्री तो ओळखीचाच वाटेना. समोरून झगझगीत दिवे आले की काही दिसेनासं व्हायचं. जाऊ म्हणाली, “ताई, दिव्यांकडे नका बघू, डावीकडच्या कडेकडे बघा.” तिथून गडग्याच्या कडेकडेने नजर ठेवत गेले. मग एक गंमत कळली. वळणापलीकडची गाडी दिवसा अचानक समोर येते, रात्री तिचा उजेड आधी येऊन वर्दी देतो.

जाकादेवीच्या पुढे आमचं एक वळण चुकलं. परत फिरेपर्यंत सहा मिनिटं गेली. माझा पाय आपोआप जोरात दाबला गेला. जाऊ शांतपणे म्हणाली, “झाला तो उशीर झाला. आता पुढचा टप्पा नीट करू.” संसारातही हे वाक्य वेळेवर सांगणारं कुणी असावं! आमचा नंबर शेवटून तिसरा आला. पण रात्री साडेबाराला मी स्वतः गाडी चालवत अंगणात आणून लावली.

गाडीच्या खेळात बायका नव्या नाहीत. १९८१ साली इटलीतल्या सान रेमो रॅलीत फ्रान्सची मिशेल मूतों जिंकली. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. तिच्या शेजारी वाट सांगायला बसलेली फाब्रित्सिया पोन्स हीसुद्धा बाईच. पुढच्या वर्षी मूतों जागतिक क्रमवारीत दुसरी आली. आपल्याकडे मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने फक्त स्त्रियांसाठी रॅली भरवल्या आहेत.

पण माझं म्हणणं चषकांबद्दल नाही. आपण मुलींना गाडी शिकवतो, आणि मग “अंधार पडायच्या आत घरी ये” म्हणतो. काळजी खरी आहे, मी स्वतः आई आहे. पण दुखणं, बाळंतपण, शेवटची गाडी चुकणं हे काही उजेड बघून येत नाही. दिवसापुरतं आलेलं ड्रायव्हिंग म्हणजे अर्धंच ड्रायव्हिंग. उरलेलं अर्धं ऐन संकटाच्या रात्री शिकायचं का?

त्यासाठी रॅलीच हवी असं नाही. आठवड्यातून एकदा जेवणं आटोपल्यावर ओळखीच्या रस्त्यावर पाचसहा किलोमीटर जाऊन या. बहीण, जाऊ, मैत्रीण, कुणालातरी शेजारी बसवा. काच आतूनही पुसा, खाऱ्या हवेने ती धुरकट होते आणि समोरचा प्रकाश तिच्यावर पसरतो. समोरून गाडी आली की डिपर द्या. आपले दिवे जिथवर पोहोचतात तेवढ्या अंतरात थांबता येईल, इतकाच वेग ठेवा. रस्त्यावर बसलेली गुरं हॉर्नला दाद देत नाहीत.

आणि घरातल्या पुरुषांनो, हा मजकूर तुम्हीही वाचताय हे ठाऊक आहे. तेव्हा एवढंच करा. रात्री ती किल्ली उचलेल तेव्हा “मी येऊ का?” असं लगेच विचारू नका. दारातला दिवा तेवढा चालू ठेवा.

परवा सासूबाई रात्री शेजारणीला सांगत होत्या, “आता काय, आमची सूनबाई आहे ना!” शेवटून तिसऱ्या नंबराला याहून मोठं बक्षीस काय असणार?