संध्याकाळची वीज आणि कोयनेचे पाणी

५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे घरांतील दिवे मालवून पणत्या व मेणबत्त्या लावण्यात आल्या, हे वाचकांना स्मरत असेलच. त्या अवधीत देशाची विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरली आणि लागलीच पुन्हा वर गेली. तरीही वीजजाळे कोसळले नाही, ह्याचे मोठे श्रेय जलविद्युत केंद्रांना द्यावे लागते. कोळशावरील संच इतक्या झपाट्याने उतरवता-चढवता येत नाहीत. पाण्याचा झोत मात्र काही मिनिटांत रोखता येतो आणि सोडताही येतो.

जलविद्युतेचे आजचे मोल ह्या गुणात आहे. १९६२-६३ च्या सुमारास देशाच्या स्थापित क्षमतेपैकी जवळपास निम्मा वाटा तिचा होता. आज मोठ्या जलविद्युत प्रकल्पांचा वाटा एक दशांशाच्या आसपास उरला आहे. परंतु दुपारी भरघोस मिळणारी सौरवीज सूर्यास्ताबरोबर संपते आणि नेमकी तेव्हाच घराघरांतून मागणी वाढते. ही वेळ सावरणारे दुसरे साधन सध्या तरी आपल्यापाशी फारसे नाही.

आपल्या राज्यात हे काम मुख्यत्वे १,९६० मेगावॅट क्षमतेची कोयना करते. सह्याद्रीच्या पूर्वेस अडवलेले पाणी बोगद्यांतून पश्चिमेस उतरवले जाते, वीज निर्माण करते आणि पुढे वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रास मिळते. तेच पाणी पूर्वेकडे सोडले, तर धरणाच्या पायथ्याशी वीज अत्यल्प मिळते, पण कृष्णाकाठची शेते भिजतात. म्हणूनच कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पावसाने ओढ दिली की दिवे की ऊस, हा प्रश्न दरवेळी नव्याने उभा राहतो. आणि ज्यांनी ह्या धरणासाठी गावे सोडली, त्यांच्या पुनर्वसनाच्या मागण्या धरण पूर्ण होऊन सहा दशके उलटल्यावरही संपलेल्या नाहीत, ही गोष्ट आम्हांस सर्वाधिक अस्वस्थ करते.

आता उदंचन प्रकल्पांची लाट आली आहे. जून २०२३ मध्ये राज्य शासनाने एनएचपीसी ह्या केंद्रीय कंपनीशी सावित्री, काळू, केंगाडी व जालोंद ह्या एकूण ७,३५० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी सामंजस्य करार केला. ह्या योजनेत वीज मुबलक असताना पाणी वरच्या तलावात चढवावयाचे आणि टंचाईच्या वेळी खाली सोडावयाचे. (घाटघर येथे २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून चालू आहे.) ह्यातून नवी वीज निर्माण होत नाही, चढवण्यास लागलेल्या विजेपैकी साधारण तीन-चतुर्थांश परत मिळते, इतकेच. ती साठवण आहे, आणि उपयुक्त साठवण आहे. एकदा भरलेले पाणी पुनःपुन्हा वापरले जात असल्याने कोयनेसारखा पाण्याचा तंटाही येथे सहसा उद्भवू नये.

जमिनीचे मात्र तसे नाही. वरचा तलाव घाटमाथ्यावर आणि खालचा पायथ्याशी, म्हणजे बहुधा वनजमिनीत किंवा आदिवासी व धनगर वस्त्यांच्या शेजारी. हिमालयात ऑक्टोबर २०२३ मध्ये तिस्ता नदीवरील १,२०० मेगावॅटच्या प्रकल्पाचे धरण हिमसरोवर फुटून वाहून गेले. सह्याद्रीत ते संकट नाही, ह्या सबबीवर येथील तपासण्या सैल होऊ नयेत. करारांतील मेगावॅटचे आकडे जाहीर झाले आहेत. किती कुटुंबे हलवावी लागतील आणि ती कोठे वसतील, हा आकडाही प्रत्येक प्रकल्पाच्या ग्रामसभेपुढे मराठीतून, काम सुरू होण्याआधी ठेवला जावा, असा आग्रह आम्ही धरतो.