एसीचा गॅस ‘संपत’ नाही, गळतो! मग दर उन्हाळ्यात तो भरायचा कशाला?

उन्हाळा तोंडावर आला की वसई फाटा, नालासोपारा, विरार परिसरातल्या गॅरेजमध्ये एक संवाद हमखास ऐकू येतो. ‘एसी थंड करत नाही.’ ‘गॅस संपलाय, भरून टाकू.’ अर्ध्या तासात गाडी थंडगार होते, पैसे दिले जातात आणि विषय मिटतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ही सवय आपल्या खिशाला, मेकॅनिकच्या जिवाला आणि हवेलाही महाग पडते. ती बदलायला हवी.

गॅस खरंच संपतो का?

नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल अशा बंद वर्तुळात तोच गॅस फिरत राहतो. रबरी पाइप आणि सील यांतून थोडा गॅस वर्षानुवर्षे झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ.

वसई-विरारमध्ये गळतीला निमित्तंही भरपूर. खारी हवा गाडीच्या पुढच्या भागातला ॲल्युमिनियमचा कंडेन्सर हळूहळू खाते. खड्ड्यांच्या धक्क्यांनी जोड सैल होतात. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या टाकीत टँकर रिकामा करण्यासारखं आहे. शिवाय कॉम्प्रेसरला लागणारं तेल गॅससोबतच फिरतं. गॅस कमी झाला की तेलही पुरेसं पोचत नाही आणि शेवटी कॉम्प्रेसरच बदलण्याची वेळ येते.

मेकॅनिकला धोका कसला?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. पाइप सोडताना द्रवरूप गॅस बोटांवर किंवा डोळ्यांत उडाला तर त्वचा क्षणात गोठते, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात किंवा बंद शेडमध्ये तो खाली साचतो आणि श्वास कोंडतो. जवळ वेल्डिंग सुरू असेल किंवा कोणी विडी पेटवली तर ज्वालेत त्याचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात.

तरीही अनेक ठिकाणी हे काम उघड्या हातांनी, चष्म्याशिवाय चालतं, आणि पाना अनेकदा सगळ्यात कमी वयाच्या पोराच्या हातात असतो. हातमोजे आणि चष्मा यांचा खर्च गॅस भरण्याच्या एका बिलापेक्षा कमी आहे. त्यावर सबब चालणार नाही.

स्वस्त गॅसचं काय?

इथे सर्वाधिक सावध राहा. स्वस्तात पडावं म्हणून काही जण एलपीजीसारखा ज्वलनशील वायू भरतात. समोरून धडक बसली की आधी फुटतो तो कंडेन्सर, तोही गरम इंजिनाच्या शेजारी. कूलिंग कॉइल गळली तर तोच वायू केबिनमध्ये येतो. बनावट डब्यांचा धोका वेगळा. जगभरात अशा डब्यांत मिथाइल क्लोराइड सापडलं आहे. ते विषारी असतंच, शिवाय ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हवेत आपोआप पेट घेणारं संयुग बनतं. २०११मध्ये शीत कंटेनरमध्ये असे स्फोट होऊन माणसं दगावली होती.

हवेत सोडला तर काय बिघडतं?

छोट्या कारमध्ये साधारण अर्धा किलो गॅस असतो. आर-१३४एची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते. म्हणजे अर्धा किलो गॅस सोडणं हे सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं आहे. साधारण ३०० लिटर पेट्रोल जाळल्यावर एवढा धूर होतो! उकाड्यावरचा उपायच उकाडा वाढवतो, तो असा.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

- गळती शोधली का? साबणाचं पाणी, यूव्ही डाय किंवा डिटेक्टर वापरता येतो. दाबाची चाचणी कोरड्या नायट्रोजनने करावी, ऑक्सिजनने कधीच नाही. तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.
- जुना गॅस मशीनने काढून घेणार की हवेत सोडणार?
- व्हॅक्यूम किती वेळ देणार? आत ओलावा राहिला तर आम्ल तयार होऊन भाग गंजतात. अर्धा तास तरी हवा.
- गॅस वजन करून भरणार का? नेमकं प्रमाण बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं.
- गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड आहे का? तिच्या कॉम्प्रेसरला वेगळं तेल आणि हाय व्होल्टेज असतं. प्रशिक्षित माणसाशिवाय हात लावू देऊ नका.

दोष फक्त गॅरेजवाल्याचा?

मुळीच नाही. गॅस काढून घेणारं मशीन महाग असतं आणि आपण ग्राहक ‘पटकन आणि स्वस्तात’ मागतो. अमेरिकेत कारच्या एसीचं काम करायला मेकॅनिकला प्रमाणपत्र लागतं, गॅस मुद्दाम हवेत सोडायला बंदी आहे. भारताने २०१९च्या ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’मध्ये एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचं लक्ष्य ठेवलं. २०२१मध्ये किगाली दुरुस्तीला मंजुरी दिली. त्यानुसार २०३२पासून अशा गॅसचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७पर्यंत ८५ टक्के घटवायचा आहे.

दिल्लीतलं हे वचन महामार्गालगतच्या पत्र्याच्या शेडमध्येच पाळलं जाणार आहे. म्हणून पालघर जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये या मेकॅनिकसाठी संध्याकाळचे छोटे वर्ग सुरू व्हावेत. पाच-सहा गॅरेजनी मिळून एक मशीन घ्यावं, त्यासाठी सवलतीचं कर्ज मिळावं. आणि आपण? ‘गॅस भरा’ म्हणण्याआधी ‘गळती शोधा’ म्हणूया. त्याचे थोडे जास्त पैसे द्यावे लागले तर कुरकुर न करता देऊया.