चाकाचा हट्टी नट

घट्ट बसलेलं बरणीचं झाकण कसं काढायचं हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. गरम पाण्याचं फडकं गुंडाळायचं, कडेने चमच्याचे हलके ठोके द्यायचे, की झालं काम! पण मोटारीच्या चाकाचा नट घट्ट बसला तर? ‘ते पुरुषांचं काम’ असं मीही म्हणत असे. गेल्या थंडीत त्याची चांगलीच अद्दल घडली, म्हणून आज हा विषय.

आमची गाडी जुनी घेतलेली. चाकं अलॉयची, चोरीला जाऊ नयेत म्हणून आधीच्या मालकाने प्रत्येक चाकाला एक लॉकचा नट बसवलेला. हा नट साध्या पान्याने सुटत नाही. त्याच्या तोंडावर खाचा असतात. त्या खाचांत बसणारी एक छोटी चावी मिळते. ती आधी बसवायची आणि मग तिच्यावर पाना लावायचा.

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सकाळी आठला परभणीला पोहोचायचं होतं. जवळा बाजार सोडून थोडं पुढे गेलो नाही तोच मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, चावीही होती. तीन साधे नट कसेबसे सुटले, पण लॉकचा काही हलेना. ह्यांनी पान्यावर उभं राहून जोर केला, तशी चावी सटकली आणि तिचे दातच उडाले. इतक्या सकाळी पंक्चरचं दुकान कुठलं उघडं असायला! शेवटी एस.टी.ला हात दाखवून परभणी गाठली, पण तोवर नंबर गेला होता. पुढची तारीख दहा दिवसांनी मिळाली. ते दहा दिवस सासूबाई भिंत चाचपत चालत होत्या. त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत, पण मलाच अपराध्यासारखं वाटे.

झालं होतं असं, की टायर बदलताना गॅरेजमध्ये हवेच्या गनने नट आवळले होते. नट किती आवळायचा याचंही माप असतं बरं का! गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात ते न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. लहान गाड्यांना ते साधारण १०० च्या आसपास असतं. म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला सुमारे ३४ किलोंचा भार. गन मात्र याच्या तीन-चार पट जोर सहज लावते. शाळेत आपण तरफ शिकलो, ती इथे कामी येते. पाना दोन फुटी घेतला की तोच जोर १७ किलोंत होतो. म्हणून पान्यावर उभं राहू नका, लांब दांड्याचा पाना घ्या.

आता नट सोडवायची रीत सांगते.

गाडी सपाट जागी, हॅंडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये लावा. पुढच्या-मागच्या चाकाला दगडाची उटी द्या. पदर खोचा, पायात चपलेऐवजी बूट घाला. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, जॅक नंतर. आधी लॉकचाच नट घ्या. बाकीचे सुटून सगळा ताण त्या एकट्यावर आला की तो आणखीच धरून बसतो. आमची चूक तीच झाली. तसं झालंच, तर बाकीचे नट परत आवळून घ्या आणि मग लॉककडे वळा.

जुन्या टूथब्रशने खाचांतली माती काढा. गंज दिसला तर गंज सोडवायचं तेल दोन थेंब सोडून पंधरा-वीस मिनिटं थांबा. तेल ब्रेकवर उडू देऊ नका. चावी हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण आत बसवा. एका हाताने तिचं तोंड दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने पाना घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश ओढा. हिसका द्यायचा नाही, हिसक्यानेच चावी तुटते. आणि बरणीचा उपाय म्हणून इथे आग लावू नका हं! त्याने चाक खराब होतं आणि टायर फुटायचीही भीती असते.

चावी तुटलीच, तर हट्ट सोडून मेकॅनिकला बोलवा. आमच्या मेकॅनिकने किंचित लहान सॉकेट नटावर ठोकून बसवलं आणि लांब पाइप लावून नट काढला. नट वाया जातो, पण चाक वाचतं. नव्या लॉकबरोबर एक कार्ड मिळतं. त्यावरचा नंबर वहीत उतरवून ठेवा, चावी हरवली तर त्याच नंबरावरून दुसरी मागवता येते.

गॅरेजमध्ये गेलात की संकोच न करता सांगा, “लॉकचा नट हातानेच आवळा, गन नको.” शेवटचा जोर टॉर्कच्या पान्याने मापात द्यायला लावा. नट समोरासमोरचे आवळतात, ओळीने नाही. आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचे.

दुसऱ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः अंगणात चारही चाकांचे लॉक सोडवून पाहिले आणि परत मापात आवळले. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. दिसत नव्हतं, पण कान माझ्याकडे होते.

“सुटला का गं?” त्यांनी विचारलं.

“सुटला, आई.”

तुमच्या दारात गाडी असेल, तर येत्या रविवारी एवढं करून पाहाच.