विम्याचे कार्ड की हक्काचा दवाखाना?



आजारी कामगाराला लागतो जवळचा डॉक्टर आणि वेळेवर औषध. त्याऐवजी त्याच्या हातात विम्याचे कार्ड ठेवण्याचा घाट जुनाच आहे. जून २०१५ मध्ये बिबेक देबरॉय समितीने रेल्वेला सल्ला दिला की दवाखाने-शाळा चालवणे सोडा, गाड्या चालवा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सातव्या वेतन आयोगाने केंद्रीय कर्मचारी व निवृत्तांसाठी आरोग्य विम्याची जोरदार शिफारस केली. १९९९ च्या कायद्याने विम्याचे दार खासगी कंपन्यांना उघडले. परकीय भांडवलाची मर्यादा तेव्हा २६ टक्के होती, ती २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. या भांडवलाला गिऱ्हाईक हवे आहे, आणि ते म्हणजे आपण!

विम्याचे वकील म्हणतात, कार्ड दाखवा, हवे त्या हॉस्पिटलात जा. आम्ही विचारतो, आडबाजूच्या स्टेशनावरच्या गँगमनला ते हॉस्पिटल किती कोसांवर? शिवाय विमा कामाला येतो तो बहुधा खाटेवर पडल्यावर. रात्रपाळीत जडलेला रक्तदाब, साखर, यांची रोजची गोळी कोण देणार? २०१८ ची आयुष्मान भारत योजनाही कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण देते ते दाखल झालेल्या रुग्णाला, रोजच्या ओपीडीला नाही. गरिबाला ते मिळते याचा आम्हाला आनंदच आहे. पण २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करू, हे २०१७ च्या आरोग्य धोरणातले वचन कुठे गेले?

रेल्वेचा निवृत्त कामगार एकदाच वर्गणी भरतो आणि नवरा-बायको जन्मभर रेल्वे हॉस्पिटलात उपचार घेतात. कंपनीचा हप्ता मात्र वयाबरोबर चढत जातो. टपाल बांधवांना तर हे अधिक कळते. सीजीएचएस ठराविक शहरांपुरती. तिच्या हद्दीबाहेरच्या निवृत्त पोस्टमनसाठी २०१७ मध्ये वैद्यकीय भत्ता ठरला तो महिना १,००० रुपये!

आपल्या दवाखान्यांत डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असतात, औषध बाहेरून आणायला सांगतात, हे आम्ही नाकारत नाही. पण इंजिन बिघडले तर शेडमध्ये नेतात, लगेच भंगारात काढत नाहीत. भायखळ्याचे आंबेडकर हॉस्पिटल, चेन्नईचे पेरांबूर हॉस्पिटल कामगारांच्याच घामावर उभे राहिले आहे.

म्हणून आमची मागणी साफ आहे. रिकाम्या जागा भरा. एकही दवाखाना बंद करू नका. कंत्राटी सफाई कामगार आणि ग्रामीण डाक सेवक यांनाही त्याच दारातून आत घ्या. विमा द्यायचाच असेल तर दवाखान्याच्या जोडीला द्या, बदल्यात नको.

प्रत्येक शाखेने सभा घेऊन असा ठराव करावा आणि वर पाठवावा. आणि एक लक्षात ठेवा. दवाखाना सोडून विमा घ्या असा पर्यायाचा फॉर्म उद्या पुढे आला, तर शाखेला विचारल्याशिवाय सही करू नका. सही एका मिनिटात होते, गेलेला हक्क परत मिळवायला पिढी जाते.