एसएमपीएसचे स्टिकर

आमच्या थोरल्याने दोन वर्षांची ईदी साठवून जुने आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणले. खडकवासल्याच्या घरी बसवले. संगणक सुरू होई, पण गेम लावला की पट्कन बंद! "अब्बू, कार्डच खराब निघालं," म्हणून पोरगा रडकुंडीला आला.

विकणाऱ्याने सांगितले होते, "एसएमपीएस ४५०चा आहे ना, मग चालेल." त्यात कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर नव्हती, तर हार्डडिस्कच्या वायरीवर जोडायचा कन्व्हर्टर दिला. आम्ही हात लावला, तो प्लग चांगलाच तापलेला. याच संगणकावर रात्री लेक अभ्यासाला बसते.

डबा उघडून स्टिकर वाचले. ठळक ४५०, पण १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा सोळे १९२ वॉट. हा हिशेब तर आम्ही रोज फळ्यावर मांडतो! ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. कार्ड १७०, प्रोसेसर ६५, झाले २३५. कंपनी या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, त्याचे कारण आता कळले.

ज्यांना एसएमपीएस बदलायचा नाही, त्यांनी वेगळी वायर न लागणारे कार्ड पाहावे, उदाहरणार्थ जीटीएक्स १६५०चे तसे मॉडेल. ते मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागवते.

थोरल्याचे कार्ड सध्या खोक्यात आहे. चांगल्या एसएमपीएसचे पैसे बकरी ईदपर्यंत जमतील. कन्व्हर्टर मात्र आम्ही कात्रीने कापून टाकला. धाकट्याचा काही भरवसा नाही.