ज्या रॉडाची कॅप, त्यालाच बसवा

फैजपूर, सावदा, यावलच्या ट्रकमालकांना आणि मिस्त्री भाऊंना एक कळकळीची विनंती आहे. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड परत चढवायच्या दिवशी घाई करू नका.

घाई का होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. केळीची कापणी ठरलेली असते, व्यापाऱ्याचे फोन सुरू असतात, आणि कापलेला घड कुणासाठी थांबत नाही. पण हीच गाडी उद्या बऱ्हाणपूर, खंडवा ओलांडून भरल्या मालाने भेरूघाट चढणार आहे. 120 मिमी स्ट्रोकचं इंजिन 2500 फेऱ्यांवर पळतं, तेव्हा एकेक पिस्टन मिनिटाला 5000 वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. वर गेलेल्या पिस्टनला खाली ओढून आणायचं काम रॉडाच्या दोन बोल्टांवर असतं. त्यातला एक सैल पडला की आधी खडखड ऐकू येते, आणि मग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. ब्लॉक गेला, क्रँक गेला, माल रस्त्यावरच पिकला.

सगळ्यात जास्त चूक कॅपमध्ये होते. कारखान्यात कॅप रॉडाला कसून मगच मोठ्या टोकाचं भोक फिनिश करतात. म्हणजे ते गोल असतं ते फक्त त्या दोघांच्या जोडीत. तीनची कॅप पाचला लावली, किंवा त्याच रॉडाची पण उलटी बसवली, तर बोल्ट कसले जातील, पण बेरिंग एका बाजूला दाबलं जाईल. म्हणून खोलतानाच रॉड आणि कॅपवरचे नंबर बघा. नंबर नसतील तर पेंटने टाका. छिन्नीचे घाव मारू नका. नव्या इंजिनांत कॅप तोडून वेगळी केलेली असते. तिच्या खरबरीत तोंडाला एमरी पेपरसुद्धा लावायचा नाही.

आणि हो, कॅपला कानस मारून किंवा बेरिंगखाली पत्र्याची पट्टी घालून ढिलाई काढायची जुनी सवय सोडाच. त्याने भोक अंडाकृती होतं आणि बेरिंगची उष्णता नीट बाहेर पडत नाही. क्रँक झिजला असेल तर त्याला ग्राइंडिंग आणि अंडरसाइज बेरिंग हाच इलाज. बेरिंग आणि क्रँकमध्ये तेलासाठी जी जागा लागते, ती जेमतेम केसाच्या जाडीएवढी असते. बोटाने हलवून ती कळत नाही. प्लास्टिगेजची तार ठेवून, कॅप पूर्ण कसून, परत उघडून मोजा.

आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी वारा सुटला की धूळ कुठेही शिरते. लिंबाखालच्या गॅरेजमध्ये हे काम करायचं तर सकाळी करा आणि उघडा ब्लॉक धुतलेल्या सुती कापडाने झाका. वेस्टच्या गुंत्याने पुसू नका. त्याचे धागे तेलाच्या भोकात अडकतात.

रिंग आधी नुसत्या लायनरमध्ये टाकून, पिस्टनने सरळ ढकलून फीलर गेजने तिची फट बघा. पुस्तकातल्या मापापेक्षा कमी असेल तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतील आणि लायनर ओरबाडला जाईल. ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर, फटी एका रेषेत नकोत. पिस्टनवरची पुढची खूण पुढेच. रॉडात बोल्ट असतील तर त्यांच्यावर रबरी नळीचे तुकडे चढवा, म्हणजे क्रँकवर ओरखडा येत नाही. पिस्टन खाली जाताना अडला तर हातोडीच्या दांड्याने जोर करू नका, काढून घ्या. बहुतेक वेळा रिंग काठाला अडकलेली असते.

शेवटी टॉर्क पाना. पाईप घालून ओढणं हे काही माप नव्हे. कमिन्स 6बीटीच्या रॉडला 35, 70 आणि 100 न्यूटन मीटर असे तीन टप्पे देतात. तुमच्या इंजिनाचे तुमच्या पुस्तकात बघा. एकेक पिस्टन बसला की क्रँक हाताने फिरवा. जड लागला तर पुढचा बसवायच्या आधी तिथेच शोधा.

मालक भाऊंना एवढंच सांगायचं आहे: टॉर्क पाना आणि मोजमापाचे पैसे बिलात वेगळे आले तर घासाघीस करू नका. सहाही रॉडांची मापं कागदावर लिहून मागा. तो कागद गाडीच्या पेपरांसोबत ठेवा, पुढच्या मिस्त्रीला लागेल.